महाडच्या आळीत, १९२७

रात्रीच निघालास ते बरं केलंस. शिवथरहून महाड दहा कोस, आणि मार्च अर्धा सरला की खोऱ्यातलं ऊन न्याहारीच्या वेळीच अंगावर येतं. शिमग्याची पौर्णिमा आहे, कंदील लागत नाही. मागे वरंध घाटाची काळी धार, खाली आटलेल्या पात्रातले पांढरे गोटे, गावोगाव वेशीबाहेर होळीची राख. साल १९२७.

अठरा वर्षांचा आहेस तू. बरोबर दोस्त आहेत. मुंबईची चप्पल झिजू नये म्हणून ती हातात धरून अनवाणी चालणारा गिरणीतला गडी, शिमग्याला ढोल बडवून तळहातांना फोड आलेला मावसभाऊ, आणि घरचे सोडत नव्हते म्हणून रडून-भांडून आलेला पंधरा वर्षांचा धाकटा. सगळ्यांच्या पुढे हवालदार आजा. पलटणीतून पेन्शनीत निघून त्याला जमाना झाला, पण चाल अजून कवायतीचीच आहे. खांद्यावरच्या फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदे. दोन दिवस पुरवायचे आहेत.

डाव्या-उजव्या हाताला नुसतं रान. कुंभे शिवथरच्या वर धबधब्याआड एक घळ आहे, गुराख्यांना ती ठाऊक आहे. तीन वर्षांनी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव तिथे पोहोचतील, रामदासांची शिवथरघळ हीच म्हणून जगाला सांगतील, आणि पुढे पावसाळ्यात या वाटेवर गाड्यांची रांग लागेल. आज मात्र सड्यावरून चालणारे तुम्हीच. वाकणावाकणावर आणखी माणसं येऊन मिळतात. कुणी रानातल्या पायवाटेनं उतरलेली, कुणी घाटावरून आलेली. "कुठं निगाला रं?" असं कुणी विचारत नाही. सगळे एकाच ठिकाणी चाललेत.

"आज्या, म्हाड किती ऱ्हायलं?"

"बिरवाडी आली की सांगीन. चाल."

वाट सरावी म्हणून आजा बोलतो. पलटणीचंच बोलतो. एके काळी दापोली-महाडचा हा पट्टा महार शिपायांच्या पेन्शनींवर कसा उभा होता, मग सरकारनं भरती कशी बंद केली. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यानं डोळ्यांनी पाहिलेत. तेही पलटणीतलेच. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, आणि १८९५ साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा बाकीचे मेंबर त्यांच्या शेजारी बसायला तयार नव्हते. धाकट्याला हे सगळं नवं आहे. तुलाही बरंचसं नवंच आहे. महाडला परिषद आहे, बाबासाहेब येणार आहेत, एवढ्यावर तुम्ही निघालात.

आणि खरं सांगायचं तर आणखी एका कारणानं. दोन दिवस वेठ नाही, खोताची हाक नाही, दोस्त बरोबर आहेत, आणि शहर बघायचंय. पुढे पुस्तकं तुम्हांला सत्याग्रही म्हणतील. ते खरंच आहे. पण त्या रात्री वाटेत तुम्ही एकमेकांच्या खोड्या काढत होता, कच्च्या करवंदांनी दात आंबवून घेत होता, हे कुणी लिहिलं नाही. मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

बिरवाडीला उजाडतं. काळ नदीच्या डोहात, खालच्या अंगाला, हातपाय धुता. काटेसावरीचा लाल सडा पाण्यावर तरंगतोय. पुढचे कोस उन्हातले.

महाड तुला ठाऊक नाही असं नाही. लाकडाचा भारा, गवताचा भारा घेऊन तू कैक वेळा आला आहेस. पेठेचं तोंड, वखारीचं अंगण, सावकाराची खालची पायरी, कचेरीबाहेरचं झाड: एवढं महाड तुला डोळे बांधून चालता येईल. त्यापलीकडचं महाड तू पाहिलेलं नाहीस. भारा विकून घसा कोरडा पडला की गावात पाणी नाही, पार गावाबाहेर महारवाडा गाठायचा. पेठेत कुणी दया केली तर उंचावरून धार सोडणार, तू ओंजळ तोंडाला लावून वाकायचं, आणि धार थांबली की तहान भागली असं समजायचं. गावाच्या मध्यावर तळं आहे हे तुला माहीत आहे. ते कसं दिसतं हे माहीत नाही.

ही मनाई ठरावाविरुद्ध आहे, हे तुला परिषदेच्या मांडवात कळतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला आणि तो मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे. महाड नगरपालिकेनंही ५ जानेवारी १९२४ रोजी तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो दफ्तरात पडून आहे. तळ्यावर कुणी गेलेलं नाही. जाणार कोण, आणि जाऊन परत येणार कसं?

मांडवात माणूस मावत नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद असं परिषदेचं नाव. हजारो लोक जमलेत. पंधरा वर्षांची पोरं आहेत, सत्तरीचे म्हातारे आहेत, आणि बहुतेकांच्या काखेत तुझ्यासारखंच भाकरीचं गाठोडं. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे घाईघाईनं इकडून तिकडे करताहेत. वय तुझ्याहून फारसं जास्त नाही, आणि ही परिषद भरावी म्हणून धडपडणाऱ्यांत ते पुढे आहेत. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही वरच्या जातींतली माणसंही मांडवात आहेत, तुमच्यात वावरताहेत. गिरणीवाला कोपरानं ढोसून तुला एकेक दाखवतो. मुंबईत त्यानं यांतली दोघं-तिघं सभांतून पाहिलीत, आणि ते तो चारचौघांना ऐकू जाईल असं सांगतो.

पाण्याचं पिंप मांडवाच्या कडेला आहे. वाटप मोजून. कुणीतरी सांगतं, हे पाणी विकत घेतलंय, चाळीस रुपयांचं. आजा तांब्यातलं पाणी धाकट्याला देतो आणि स्वतः पीत नाही. चार-पाच एकरांचं तळं भरलेलं आहे, आणि त्याच गावात हजारो माणसं पैसे मोजून आणलेलं पाणी घोट-घोट वाटून घेताहेत. धाकटा तोंड पुसतो आणि साधं विचारतो, "तळं हिकडंच हाय ना?"

बाबासाहेब बोलायला उभे राहतात. पस्तिशीचे आहेत, बॅरिस्टर आहेत, नुकतेच कौन्सिलात नेमले गेलेत. बोलतात ते मात्र तुझ्या घरातलं. लहानपणी दापोलीला होतो म्हणतात. आजा मान डोलावतो. मेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, वतनाच्या तुकड्यासाठी गावकी करू नका, जमीन कसा, पोरांना शाळेत घाला. मावसभाऊ खाली बघतो. गेल्याच आठवड्यात गावात बैल मेला होता. इतकं उघड, इतकं आपल्या तोंडावर, आणि तरी अपमान न वाटता कुणी बोललेलं तुम्ही ऐकलेलं नाही.

रात्र तिथेच काढता. झोप कुणाला? गिरणीवाला मुंबईतल्या ट्रामचं वर्णन करतो, धाकटा तेच पुन्हा विचारतो, आजा दटावतो.

रविवार उजाडतो, २० मार्च. सकाळी ठराव होतात. आभार मानायची वेळ येते, लोक गाठोडी आवरायला लागतात, आणि चित्रे उठून सांगतात की एक काम केल्याशिवाय परत जायचं नाही. गावात तळं आहे, ठराव झालेला आहे, आपण सगळे आत्ताच तिथे जाऊ. क्षणभर कुणी काही बोलत नाही. मग सगळा मांडव एकदम उठतो.

चौघा-चौघांची रांग. ते लावायला आजासारखे पेन्शनर पुढे सरसावतात, आणि या एका कामात त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. तू, गिरणीवाला, मावसभाऊ, धाकटा. तुम्ही नेमके चौघे. गिरणीवाल्यानं चप्पल आता पायांत घातली आहे.

पेठेपर्यंतचा रस्ता ओळखीचा. वखार गेली. सावकाराची पायरी गेली. आणि मग, ज्या वळणाशी आजवर तुझे पाय आपोआप मागे फिरायचे, तिथे रांग वळत नाही. सरळ जाते.

आता नीट बघून घे.

घरं जवळजवळ उभी आहेत, कौलारू, पुढे पडवी, पडवीला लाकडी गज. अंगणात तुळशीवृंदावन, त्याच्यापुढे सकाळची रांगोळी पुसट झालेली. एका ओटीवर वाळत घातलेले पापड, त्यावर झाकलेलं जुनं धोतर. खिडकीत पितळेची घागर पालथी. कुठून तरी मोहरीच्या फोडणीचा वास येतो आणि तुमच्या पोटात कालवतं, भाकरी खाऊन चार तास झालेत. दोरीवरच्या ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकतंय, आणि धाकटा त्या ठिबकण्याकडेच बघत चालतो. एक म्हातारा झोपाळ्यावर बसलाय. झोपाळा थांबला आहे. त्याच्या मागे दाराच्या फटीत दोन लहान डोळे आहेत. तू बघतोस तसे तेही तुझ्याकडे बघताहेत, त्यांनाही हे नवंच आहे.

कुणी आत ओढून घेतं, दार लागतं. कुणी पडवीतून उठून उभा राहतो. बोलत कुणी नाही.

गावातला रस्ता म्हणजे काय असतं, हे तुला आत्ता कळतंय. कामाशिवाय चालणं. भारा डोक्यावर नाही, कुणाच्या दारात काही पोहोचवायचं नाही, "कोण रं तू" म्हणून कुणी हटकलं तर द्यायला कारण नाही. गिरणीवाला हळूच म्हणतो, "परळात चालतो तसं वाटतंय." मावसभाऊ हसतो. मीही इथे थांबावं असं मला वाटतं, कारण इतिहास लगेच पाण्यापाशी जातो आणि ही आळी कुणी पाहत नाही. पाण्याइतकीच ती बंद होती. दहा वर्षांनी हायकोर्टात वाद चालेल तेव्हा तळ्याभोवती नगरपालिकेचा रस्ता आहे, तो सार्वजनिक आहे, त्यापलीकडे स्पृश्यांची घरं आहेत, हे सगळं कागदावर येईल. त्या सार्वजनिक रस्त्यावर तुझ्या घराण्यातलं पहिलं पाऊल तुझं आहे.

आणि मग घरं सरतात, समोर एकदम उजेड.

तळं तुला वाटलं होतं त्याहून मोठं आहे. चहूबाजूंनी बांध, जागोजाग पायऱ्या. उन्हाळ्यानं पाणी थोडं उतरलंय, उघड्या पडलेल्या पायरीवर सुकलेल्या शेवाळाचा पट्टा राहिलाय. पलीकडच्या काठाशी एक म्हैस निवांत डुंबते आहे. पुढच्या रांगा थांबतात. बाबासाहेब पायऱ्या उतरतात, वाकतात, ओंजळ भरतात आणि पितात. त्यांनी काय म्हटलं ते तुझ्यापर्यंत पोहोचत नाही. पुढून गलका उठतो आणि तो तुझ्या छातीत घुमतो.

तुमची पाळी येते. पायरी ओली, निसरडी. मावसभाऊ तुझा दंड धरतो. तू वाकतोस आणि सवयीनं ओंजळ तोंडाशी नेतोस. वरून धार यायची वाट बघत तुझे हात तिथेच थांबतात. निमिषभरच. मग तुझं तुला कळतं. हात खाली जातात, मनगटापर्यंत पाण्यात. वरचं पाणी उन्हानं कोमट, बोटं खोल गेली तसं गार. शेवाळाचा, मातीचा, किंचित माशांचा वास. तू पितोस. पुन्हा पितोस. धार थांबवणारं कुणी नाही, त्यामुळे किती प्यायचं तेच कळत नाही. मावसभाऊ फोड आलेले तळहात पाण्यात नुसतेच बुडवून उभा आहे. धाकटा पालथ्या मनगटानं नाक पुसतो आणि म्हणतो, "आपल्या झऱ्यासारखंच हाय की रं."

आजा शेवटच्या पायरीवर उभा आहे. तो सगळ्यांत उशिरा वाकतो, आणि वर येताना त्याला तुमच्या हाताची गरज लागते.

परतीची रांग तशीच शिस्तीत मांडवाकडे. आता भाकरी. कुणी बैलगाड्या जुंपताहेत, लांबच्यांना निघायचंय. तुम्ही फडकं सोडून बसता. याच वेळी गावात कुणीतरी उठवून देतं की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. खोटं आहे. तुमच्यातल्या कुणाच्या मनातही ते नाही. पण दोनेक तासांत लाठ्या येतात.

पहिला घाव भाकरीवर पडतो. फडकं मातीत, चटणी मातीत. धाकट्याच्या कपाळातून रक्त येतंय आणि त्याला ते कळलेलं नाही. सकाळी पाहिलेल्या त्याच आळ्यांतून आता एकटे-दुकटे सापडलेले लोक मार खाताहेत. पळता पळता एक दार उघडतं, मुसलमानाचं घर आहे, आतून बाई हाताला धरून तुम्हांला ओढून घेते आणि कडी लावते. धाकट्याच्या कपाळाला ती फडकं बांधते. बाहेर आरडाओरडा. आणखीही काही मुसलमान घरांनी त्या दुपारी असंच दार उघडलं.

डाक बंगल्यावर बाबासाहेब आहेत. तिथे पेन्शनर जमलेत, लढाया पाहिलेली माणसं, काठ्या घेऊन, फक्त शब्दाची वाट बघत. आजाही त्यांत आहे. शब्द येत नाही. येतो तो उलटा: कुणीही हात उचलायचा नाही. आजाला हे पेलणं लाठी पेलण्याहून जड गेलं असणार. संध्याकाळी तो तुम्हांला शोधत येतो तेव्हा त्याची काठी जशी होती तशी आहे आणि मूठ इतकी आवळलेली की बोटं सोडवावी लागतात. पुढे हल्लेखोरांतल्या काहींना सक्तमजुरी झाली. हे उलट हात न उचलल्यामुळे शक्य झालं, असं मी मानतो.

मागाहून १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते शुद्ध केल्याचं जाहीर होतं. म्हैस तिथेच डुंबत होती. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघतो. गिरणीवाला मुंबईहून अंक पाठवतो, खोऱ्यात वाचता येणारा एकच मास्तर आहे, तो चावडीमागे बसून मोठ्यानं वाचतो. ४ ऑगस्टला नगरपालिका आपला ठराव मागे घेते. काही स्पृश्य कोर्टात जातात, तळं खाजगी आहे आणि रूढी अनादि काळापासूनची आहे असं म्हणतात. हा दावा दहा वर्षं चालतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्ट निकाल देतं: अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. धाकटा तेव्हा पंचवीस वर्षांचा आहे, कपाळावर खूण घेऊन.

पण आज तू घरी पोहोचतोस तेव्हा आई ठरावांचं विचारत नाही. धाकट्याची जखम बघते, तुमचे पाय बघते, मग चुलीपाशी बसून विचारते, "आन् ती घरं कशी व्हती रं आतली?" तू सांगतोस. झोपाळा सांगतोस, पापड सांगतोस, दारातले दोन डोळे सांगतोस. ती मधे मधे थांबवून पुन्हा विचारते. वृंदावन किती उंच? पायऱ्या दगडी की चिऱ्याच्या? लुगडं कुठल्या रंगाचं? आयुष्यभर भारे घेऊन तीही पेठेच्या तोंडापर्यंतच गेलेली आहे.

डिसेंबरात दुसरी परिषद भरते, २५ तारखेपासून. गावात जागा कुणी देत नाही, फत्तेखान आपली जमीन देतात. त्या रात्री मांडवासमोरच्या खड्ड्यात मनुस्मृती जळते. तळ्यावर जाण्याला कोर्टाची तात्पुरती मनाई आलेली आहे, त्यामुळे पाण्याला या खेपेला हात लावायचा नाही. या वेळी बायकाही आल्यात, आईसुद्धा. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलतात: पोरींना शिकवा, अंगावरचे जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, लुगडं पायघोळ नेसा, आडवं-तोकडं नको. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मांडवाबाहेर येते ती घोट्यापर्यंत लुगडं नेसून. चालताना काठ पायांत येतोय म्हणून तिनं एका हातानं तो किंचित उचलून धरलाय.

"चल," ती म्हणते, "मला ती आळी दाव."